क्रॅडली हीथचं एक घराणं आणि वंशावळीच्या साइट्स: वापरानंतरचा अनुभव

माझ्या सासूबाईंचं माहेर क्रॅडली हीथचं. इंग्लंडच्या ब्लॅक कंट्री या जुन्या औद्योगिक पट्ट्यातलं हे छोटं गाव लोखंडी साखळ्यांसाठी प्रसिद्ध होतं. त्या घराण्याचा माग काढायला मी फ्रीबीएमडी, जनरल रजिस्टर ऑफिसची (जन्म-मृत्यूंची सरकारी नोंदणी कचेरी) ऑनलाइन सूची आणि जनगणनेची एक सशुल्क साइट गेले कित्येक महिने वापरतेय. ना जमीन, ना मृत्युपत्र, अशा कामगारांचाही माग लागतो. फक्त पैसे कुठे घालायचे ते कळायला हवं.

सुरुवात फुकटच्या फ्रीबीएमडीवर करा. जुलै १८३७ पासूनच्या जन्म, विवाह, मृत्यूंची सूची तिथे स्वयंसेवक उतरवतात. शोध गावाच्या नावाने नाही, नोंदणी जिल्ह्याने घ्यायचा: क्रॅडली हीथ डडलीत येतं, शेजारचं क्रॅडली स्टाउरब्रिजमध्ये. एकाच नावाची तीन बाळं समोर आली की रजिस्टर ऑफिसची सूची उघडा. आईचं माहेरचं आडनाव फ्रीबीएमडीवरच्या जुन्या सूचीत १९११ च्या मध्यापासून येतं, इथे पार १८३७ पासून. या एका रकान्याने माझं निम्मं काम केलं.

वर्गणी भरायची ती १९११ च्या जनगणनेसाठी. तो अर्ज कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला दिसतो. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती दगावली, सगळं त्यात. सासूबाईंच्या पणजीपुढे नऊ जन्म, चार मृत्यू. मी बराच वेळ त्या आकड्यांपाशीच थांबले. धंदा साखळी घडवण्याचा. आदल्याच वर्षी कामगार नेत्या मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या बायकांनी दहा आठवडे संप करून तासाला अडीच पेनी किमान मजुरी पदरात पाडून घेतली होती. साइटने टाइप केलेल्या उताऱ्यात मात्र ‘chain’चं ‘chair’ होऊन पणजी खुर्च्या बनवणारी झाली होती! तेव्हा मूळ पान पाहिल्याशिवाय काही खरं मानू नका. इतरांनी जोडलेल्या वंशवृक्षांवर तर मुळीच विसंबू नका.

१९२१ च्या जनगणनेत कामाच्या मालकाचं नावही मिळतं. पणजीची लेक कोणत्या कारखान्यात कामाला होती ते त्यावरूनच कळलं. पुढे मोठी पोकळी आहे. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले, १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मधे युद्ध सुरू होताच केलेलं, सप्टेंबर १९३९ चं रहिवाशांचं रजिस्टर तेवढं आहे. त्यात त्याच लेकीपुढे लिहिलंय: बिनपगारी घरकाम. भट्टीपुढे राबलेल्या बाईची ही नोंद वाचून मला अजून राग येतो.

वर्षाची वर्गणी लगेच घेऊ नका, आधी महिन्याची पुरे. इंग्लंडात राहत असाल तर सार्वजनिक वाचनालयात विचारा; अनेक ठिकाणी अशा साइट्स तिथे बसून फुकट पाहता येतात.