लांब दांड्याचे पिकअप मॅग्नेट: ताकद कुठे हवी आणि कुठे नको

यंत्राच्या पोटात, इंजिनच्या कोपऱ्यात किंवा भिंतीला लावलेल्या कपाटामागे पडलेला नट, वायसर किंवा स्क्रू बाहेर काढण्यासाठी लांब दांड्याचे चुंबक मिळते. मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो, पुण्याची बुधवार पेठ असो किंवा ऑनलाइन दुकान, काही शे रुपयांत ते कुठेही विकत घेता येते आणि त्याचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार रेडिओच्या अँटेनाप्रमाणे ओढून लांब करायच्या दांड्याचा आहे, दुसऱ्याचा दांडा लवचीक असून वाकवू तसा राहतो व टोकाला छोटा एलईडी दिवा असतो, आणि तिसरा दोरीला बांधून खाली सोडायच्या जड कप मॅग्नेटचा आहे. लेथ आणि मिलिंग यंत्रांच्या देखभालीत मी हे तिन्ही वापरले आहेत आणि त्यानंतर स्वतः काढलेल्या ड्रॉइंगनुसार एका टर्नरकडून, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून, नवे डोकेही (दांड्याच्या टोकाचा चुंबक असलेला भाग) बनवून घेतले आहे. या परीक्षणात तयार मालाबरोबर त्या डोक्याचाही विचार केला आहे, कारण तयार मालातील उणिवा ते बनवतानाच मला नीट कळल्या.

पाकिटावरच्या आकड्यापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. अँटेनाच्या प्रकारावर बहुधा ‘८ पौंड’ किंवा ‘३.६ किलो’ अशी क्षमता छापलेली असते. हा आकडा खोटा असतोच असे नाही, पण तो कोणत्या परिस्थितीतला आहे हे तिथे लिहिलेले नसते. अशी क्षमता जाड, सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या पोलादी पट्टीवर चुंबक पूर्ण टेकवून आणि पट्टीला काटकोनात सरळ ओढून मोजतात. प्रत्यक्षात उचलायची वस्तू गोल, गंजलेली, रंगवलेली किंवा तेलकट असते. तिचा जेमतेम एखादा कोपरा चुंबकाला टेकतो, आणि वर येताना ती एखाद्या कडेला अडली की ओढ सरळ न राहता आडवी होते. आडव्या ओढीला फक्त घर्षण विरोध करते, त्यामुळे तिथे चुंबकाची पकड उभ्या ओढीच्या निम्म्याहूनही बरीच कमी भरते आणि तेल लागलेले असेल तर आणखी घटते. सहा मिलिमीटर बोल्टच्या नटाचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास असते. तो नट उचलण्यासाठी ३.६ किलोची काहीही गरज नाही, मात्र अडचणीच्या वाटेने वर येताना तो निसटू नये यासाठी पकड नक्की हवी. म्हणून या अवजाराचा कस वजन उचलण्यापेक्षा धरून ठेवण्यात लागतो.

अँटेनाच्या प्रकारातले सर्वांत मोठे वैगुण्य डोक्याच्या बाजूंना असते. चुंबक समोर जसे ओढते तसेच कडेलाही ओढते, आणि आपण ज्या पोकळीत दांडा घालतो तिच्या भिंती बहुतेक वेळा बिडाच्या किंवा पोलादाच्याच असतात. परिणामी डोके खाली पोहोचण्याआधीच भिंतीला चिकटते. ते सोडवून पुढे ढकलले की समोरच्या भिंतीला चिकटते. दांडा पातळ नळ्यांचा असल्यामुळे या झटापटीत तो वाकतो आणि काही दिवसांत त्याचे सांधे सैल होतात. इथे अधिक ताकदीचे चुंबक बसवले तर अडचण वाढतेच, कारण समोरची ओढ वाढते तशी कडेचीही वाढते. ग्राहक ‘आणखी जोरदार’ मॅग्नेट मागतो, दुकानदार मोठ्या आकड्याचे पाकीट काढून देतो, आणि अरुंद जागेत ते आधीच्यापेक्षा वाईट वागते. हे मी स्वतः वापरून पाहिले आहे.

लवचीक दांड्याच्या प्रकाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दिवा उपयोगी पडतो, वळणावरून आत जाता येते, पण वस्तू थोडीशी अडली की दांडाच वाकतो आणि हाताचा जोर टोकापर्यंत पोहोचत नाही. स्क्रू आणि वायसर यांच्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

कप मॅग्नेटचा विचार मात्र सविस्तर करायला हवा. यात चुंबकाची चकती पोलादी वाटीत बसवलेली असते आणि चकती व वाटीची भिंत यांच्यामध्ये रेझिनची किंवा अचुंबकीय धातूची फट असते. चुंबकाच्या मागच्या ध्रुवाचा चुंबकीय प्रवाह (फ्लक्स) वाटीच्या भिंतीतून पुढे काठापर्यंत येतो. त्यामुळे समोर टेकलेल्या जाड पोलादावर पकड खूप वाढते आणि बाजूंची ओढ जवळजवळ नाहीशी होते. हा मोठा लाभ आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. प्रवाह काठाजवळच वळून परत जात असल्यामुळे अशा चुंबकाचा पल्ला तोकडा राहतो. विहिरीच्या तळाशी गाळात रुतलेल्या पहारीवर चार-पाच मिलिमीटर गंज आणि चिखल असेल, तर भरभक्कम आकडा छापलेले कप मॅग्नेटही तिच्यावरून तसेच घसरून येते. स्वच्छ, सपाट, जड वस्तूसाठी ते उत्तम आहे. गाळात काही शोधण्यासाठी तितकेसे नाही.

विहिरीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडच्या जुन्या गळाची आठवण ठेवली पाहिजे. आडात पडलेली कळशी काढण्यासाठी लोखंडी आकड्यांचा झुबका दोराने खाली सोडत, आणि त्या कामात आजही तोच श्रेष्ठ आहे, कारण तांब्यापितळेच्या भांड्यावर कोणत्याही चुंबकाचा उपयोग नसतो. ॲल्युमिनियम, सोने आणि चांदी यांचेही तसेच आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये दोन भिन्न स्वभाव आढळतात: ३०४ आणि ३१६ या प्रतींचे स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, तर ४३० प्रतीचे चांगले चिकटते. नेहमीच्या वापरातले एक रुपयाचे स्टीलचे नाणे फेरिटिक, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या जातीच्या, स्टेनलेस स्टीलचे असल्याने ते चुंबकाने सहज उचलले जाते. बोअरमध्ये पडलेल्या सबमर्सिबल पंपाचे बाहेरचे आवरण ३०४ स्टीलचे असेल, तर त्यासाठी कप मॅग्नेट विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. पितळी किल्ली गटारात पडली तर चुंबक निरुपयोगी ठरते, पण तिची कडी लोखंडी असेल तर किल्लीही कडीसोबत वर येते.

आता खुद्द चुंबकाकडे वळू. या अवजारांत आज नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या संयुगाचे चुंबक वापरतात. जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ते स्वतंत्रपणे विकसित केले. एन३५, एन४२, एन५२ या नावांतला आकडा चुंबकात किती ऊर्जा साठवता येते हे मेगागाउस-अर्स्टेड या एककात सांगतो. साध्या काळ्या फेराइट चुंबकाचा हाच आकडा तीन-चारच्या घरात असतो, यावरून फरकाची कल्पना येईल. विक्रेते एन५२ या नावाचा गाजावाजा करतात आणि तो पूर्णपणे निराधार नाही: आकार तोच ठेवून एन४२ऐवजी एन५२ घेतले तर ओढ हिशेबाने सुमारे पाव पटीने वाढते.

परंतु आकार बदलण्याचा लाभ याहून कितीतरी मोठा आहे. १० मिलिमीटर व्यासाचा आणि तितक्याच लांबीचा एन४२ दंडगोल घेतला, तर त्याच्या तोंडाच्या मध्यावर चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.५८ टेस्ला (हे त्या क्षेत्राचे एकक) येते, ५ मिलिमीटर पुढे ते ०.१६ उरते आणि १० मिलिमीटर पुढे ०.०५ इतकेच राहते. ओढ ही साधारणपणे क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ५ मिलिमीटर फटीत तिचा तेरावा-चौदावा हिस्साच शिल्लक राहतो. याच चुंबकाची लांबी दुप्पट केली तर तोंडावरचे क्षेत्र जेमतेम आठ-नऊ टक्क्यांनी वाढते. म्हणजे व्यासाइतकी लांबी झाली की पुढची लांबी फारशी कामाची नाही. उलट व्यास आणि लांबी दोन्ही १५ मिलिमीटर केली, तर तोंडावरचे क्षेत्र तेच राहूनही टेकलेल्या वस्तूवरची ओढ तोंडाच्या क्षेत्रफळाप्रमाणे सव्वादोन पट होते, आणि ५ मिलिमीटर फटीपलीकडच्या सपाट पोलादावर ती साडेपाच पटींच्या आसपास जाते. खरोखर जोरदार पिकअप मॅग्नेट हवे असेल तर प्रतीचा आकडा वाढवण्याआधी जागा परवानगी देईल तितका व्यास वाढवावा, असा याचा सरळ अर्थ आहे.

माझे डोके बनवून घेताना हाच हिशेब समोर ठेवला होता. त्यात दोन गोष्टींची भर घातली. आत जाताना चुंबक निद्रिस्त असावे ही पहिली आणि वस्तू बाहेर आल्यावर ती सहज सुटावी ही दुसरी. १० मिलिमीटरचा दंडगोल १५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या नळीत पुढे-मागे सरकतो. नळीचा पुढचा भाग पितळेचा असून त्याचे तोंड अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याने बंद केले आहे. मागचा भाग माइल्ड स्टीलचा, दीड मिलिमीटर भिंतीचा आहे. चुंबक मागे असते तेव्हा त्याचा प्रवाह स्टीलच्या भिंतीतूनच परत फिरतो आणि डोके बिडाच्या भिंतीला घासत गेले तरी अडत नाही. तळाशी पोहोचल्यावर मुठीवरची कळ दाबली की आतली सळई चुंबकाला पितळी भागात पुढे ढकलते, आणि कळ खाचेत अडकवून ठेवता येते. काम झाल्यावर कळ सोडली की स्प्रिंग चुंबकाला मागे खेचते. तोंडाशी तेव्हा ०.०२ टेस्लाच्या आसपास किंवा त्याहून कमी क्षेत्र उरते आणि वस्तू गळून पडते. दांड्याची नळी व आतली सळई ३०४ स्टीलची आहे. दांडा साध्या लोखंडाचा केला असता तर प्रवाह त्यात वर चढला असता आणि दांड्याच्या बाजूही भिंतीला चिकटू लागल्या असत्या.

तोंडावरच्या पितळी पत्र्याने हिशेबाने पाचवा हिस्सा ओढ खाल्ली आहे. मी ती जाणीवपूर्वक सोडली, कारण तोंड उघडे ठेवले तर बारीक स्क्रू चुंबकामागोमाग नळीत शिरतात, आणि लेथच्या बेडवर पडलेला लोखंडी कीस उघड्या चुंबकाला असा काही चिकटतो की कापडाने पुसूनही तो जात नाही. पत्रा असल्यामुळे चुंबक मागे घेताच सगळा कीस एकदम खाली पडतो. गिअरबॉक्सच्या तेलात पडलेली स्प्रिंग वायसर आणि मिलिंगच्या टेबलाखाली गेलेली ॲलन की ही या डोक्याने विनासायास काढता आली, आणि याच कामांत अँटेनाचे चुंबक भिंतीला चिकटून बसत होते.

या डोक्याच्या मर्यादाही आहेत. आतून सळई जात असल्यामुळे दांडा लहान-मोठा करता येत नाही, तो ठरावीक लांबीचाच ठेवावा लागतो. १५ मिलिमीटरचे डोके १४ मिलिमीटर आट्यांच्या स्पार्क प्लगच्या भोकातूनही जात नाही. तिथे पाच-सहा मिलिमीटर व्यासाचे पेन्सिलीएवढे चुंबकच लागते, आणि तयार मालातले ते सर्वांत प्रामाणिक अवजार आहे असे माझे मत आहे. शिवाय टर्नरच्या मजुरीसह या डोक्याचा खर्च तयार अवजाराच्या कितीतरी पट होतो. घरी वर्षाकाठी एखादा स्क्रू पडत असेल, तर हा खटाटोप करण्याचे कारण नाही.

विकत घ्या किंवा बनवून घ्या, उष्णतेकडे लक्ष द्यावेच लागते. साध्या एन प्रतीच्या नियोडिमियम चुंबकाची कमाल कार्यमर्यादा साधारण ८० अंश सेल्सिअस असते आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनमध्ये, विशेषतः एक्झॉस्टजवळ, तापमान याहून सहज अधिक असते. तिथे गेलेले चुंबक कायमचे दुबळे होऊ शकते. नावापुढे एच असलेल्या प्रतीला १२० आणि एसएच असलेल्या प्रतीला १५० अंशांपर्यंत चालते. हे चुंबक ठिसूळही असते, म्हणून पोलादावर आपटले की त्याचे टवके उडतात आणि निकेलचा मुलामा निघाला की ते गंजते. मोठ्या कप मॅग्नेटमध्ये बोट सापडले तर गंभीर इजा होते. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने अशी अवजारे छातीजवळ आणू नयेत, आणि सुटे झालेले छोटे चुंबक मुलांच्या हाती लागू देऊ नये. दोन चुंबके गिळली गेली तर ती आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडते.

उत्पादकांकडून माझी मागणी अवघड नाही. पाकिटावर किलोच्या एका आकड्याऐवजी चुंबकाचा व्यास, लांबी, प्रत आणि कमाल तापमान छापावे, आणि पूर्ण टेकलेल्या अवस्थेतल्या ओढीसोबत २ व ५ मिलिमीटर फटीतली ओढही द्यावी. अँटेनाच्या प्रकारात डोक्याभोवती दोन-तीन मिलिमीटर जाडीची पितळी किंवा नायलॉनची कडी बसवली, तर खर्च फारसा वाढणार नाही आणि भिंतीला चिकटण्याचा त्रास बराच कमी होईल. तोपर्यंत अशी कडी टर्नरकडून करून घेऊन इपॉक्सीने चिकटवता येते. कडीचे तोंड चुंबकाच्या तोंडाच्या बरोबर पातळीत राहील याची मात्र काळजी घ्यावी, कारण कडी एक मिलिमीटर जरी पुढे आली तरी सपाट वस्तूवरची एक तृतीयांशाहून अधिक ओढ तिथेच जाते.