पद्मिनीचा गंज: घरी काढायचा, डेंटरकडे द्यायची की सरळ ब्लास्टिंग मारायचं?

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी फोटो पाठवतं. काकांची नाहीतर आजोबांची प्रीमियर पद्मिनी, गावच्या पडवीत आठ-दहा वर्षं उभी, वर ताडपत्री, आणि खाली तोच प्रश्न: "इंजिन फिरतंय, बाकी थोडा गंज आहे, घरी होईल का?" इंजिनाचं टेन्शन घेऊच नका. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे ते, उघडणारे मिस्त्री अजून आहेत आणि सामानही मुंबईत ऑपेरा हाऊसला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर पुण्यात नाना पेठेत दोन चकरा मारल्या की काही ना काही हाती लागतंच. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळीपिवळी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण म्हणून पिस्टन-रिंगा मिळायच्या थांबल्या नाहीत. गाडी मरते ती त्या "थोड्या गंजा"ने.

कारण पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही. जीपचं कसं, खाली शिडीसारखी चासी, वर बॉडी नट-बोल्टवर बसवलेली, बॉडी पार कुजली तरी उचलून बाजूला ठेवता येते आणि चासीचं काम निवांत होतं. पद्मिनीचा फ्लोअर, दाराखालचा रनिंग बोर्ड आणि मधले पत्र्याचे आडवे पडदे मिळूनच गाडी उभी असते. म्हणजे रनिंग बोर्ड सडला तर तो नुसता दिसायला वाईट नाही, गाडी मधून खचते आणि दारं बसेनाशी होतात. तुम्हाला पहिल्यांदाच हात घालायचाय आणि जीप की पद्मिनी असा खरंच चॉइस असेल तर मी जीप म्हणेन, जरी माझा जीव पद्मिनीवर असला तरी.

आधी पत्रा किती उरलाय ते बघा

पद्धत कुठली हा प्रश्न नंतरचा. आधी सीट काढा, रबरी मॅट उचला, आणि मॅटखाली जे डांबरी पॅड चिकटवलेले असतात ते उचकटा. पाणी तिथेच बसतं. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली वरून रंग एकदम टवटवीत होता, मी स्क्रू ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला तर खारी मोडावी तसा कर्र करून आत गेला, आणि बाहेर काढला तर भोकातून खालची पार्किंगची लादी दिसत होती. घ्यायच्या आधी मालकाच्या परवानगीने हे करा आणि सोबत फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून चाकावरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, रनिंग बोर्ड यांवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आत पत्रा नाही, पुट्टी आहे. बॅटरीचा ट्रे, हेडलाइटच्या वाट्या आणि काचेच्या रबराखालचा पत्रा पण बघा. मागचे कमानपाटे (लीफ स्प्रिंगा) बॉडीला जिथे पकडतात ती जागा तर खाली झोपूनच बघायची, तिथे गंज असेल तर भाव पाडून घेण्यातही अर्थ नाही.

आता पद्धती. लोक विचारतात कुठली बेस्ट, पण प्रश्नच चुकतो. वरवरचा गंज, खड्डे पडलेला गंज आणि आरपार गेलेला गंज ही तीन वेगळी दुखणी आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

ग्राइंडरला वायर ब्रश सगळेच लावतात. स्वस्त, पटकन, आणि काम झाल्यासारखं वाटतं, हाच त्याचा धोका. ब्रश गंजाचे पोपडे उडवतो पण खड्ड्यातला गंज नुसता घासून चकचकीत करतो, चमकणारा पत्रा बघून आपण खुश होतो आणि नीट बघितलं तर त्यात काळे ठिपके तसेच. उघड्या जागेवर, खालच्या बाजूला, पहिला हात म्हणून ठीक. आणि गॉगल घालूनच, माझ्या शर्टाच्या खिशात ब्रशची तार घुसून उभी राहिलेली मी स्वतः उपटून काढलीय.

सुट्टे पार्ट म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, हेडलाइटच्या वाट्या यांना घरात दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी वापरतो. एक लिंबूसत्व, तेच जे आई ढोकळ्यात घालते, किराणा दुकानात सुटं मिळतं. लिटरभर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात रात्रभर बुडवून ठेवायचं. वीज नको, लक्ष नको, आणि पाणी आतल्या सांदीकोपऱ्यात पोचतं हा मोठा फायदा. पण विसरलात तर ते चांगलं लोखंडही खातं, मी एक ब्रॅकेट टाकून लग्नाला गेलो आणि चार दिवसांनी आलो तर कडा कागदासारख्या झाल्या होत्या. बाहेर काढलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, लगेच पुसून वाळवायचं.

दुसरं इलेक्ट्रोलिसिस. टबात पाणी, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या पार्टला आणि पॉझिटिव्ह एखाद्या साध्या सळईला. उलटं लावलंत तर पार्टच विरघळेल, त्यामुळे चार्जर चालू करायच्या आधी दोनदा बघायचं. पार्ट आणि सळई एकमेकांना टेकू द्यायची नाही. बुडबुडे येतात, तपकिरी फेस जमतो, संध्याकाळपर्यंत गंज काळा पडून ब्रशने निघतो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही, एक दिवस जास्त राहिलं तरी पार्ट शाबूत, या बाबतीत लिंबूसत्वापेक्षा सरस. पण सळईसमोर जी बाजू असते तीच साफ होते, म्हणून पार्ट फिरवत राहावं लागतं. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे उघड्यावरच करा, बिडी-सिगारेट लांब. स्टीलचा चमचा किंवा डबा पॉझिटिव्हला अजिबात लावू नका, स्टेनलेसमधलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. आणि स्प्रिंगा, कडक बोल्ट दोन्ही टबांपासून लांब ठेवायचे, ते आतून ठिसूळ होऊन नंतर मोडू शकतात, त्यांना ब्रशच बरा.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरू का असं विचारणारा एक तरी भेटतोच. नको. वाफेनेच शेजारचे पाने, पक्कड सगळं गंजतं, आणि जोडात मुरलेलं अ‍ॅसिड रंगाच्या खालून वर्षभर काम करत राहतं.

कन्व्हर्टर म्हणजे ते लावलं की काळं पडणारं लिक्विड. त्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फार. ते गंजाला लोखंडाच्या स्थिर संयुगात बदलतं, पण फक्त पातळ थर असेल तर. पोपड्यावर फासलं तर वरचा पोपडा काळा होतो, आतला गंज तसाच, आणि वर मारलेला रंग पोपड्यासकट सुटून हातात येतो. पोपडे काढून झाल्यावर खड्ड्यात जे उरतं त्यासाठी, किंवा बंद पोकळ भागांत आत जिथे ब्रश जात नाही तिथे, मला ते पटतं. बाकी ठिकाणी आळसाला दिलेलं नाव आहे.

ब्लास्टिंगचं, म्हणजे हवेच्या जोराने वाळूसारखे कण मारून गंज उडवण्याचं, उलट. एक नंबर पद्धत, पण चुकीच्या पत्र्यावर वाट लावते. जीपची चासी, अ‍ॅक्सल, रिम, जाड ब्रॅकेट बिनधास्त द्या, अर्ध्या दिवसात राखाडी होऊन येतात. पद्मिनीचं बॉनेट किंवा छत जोराच्या प्रेशरखाली दिलं तर पत्रा ताणला जातो, लाटा येतात आणि त्या पुट्टीशिवाय जात नाहीत. शिवाय वाळू पोकळ भागात जाऊन बसते, तिथे ओल धरते. कोरडी वाळू वापरणाऱ्याकडे तर जाऊच नका, तिच्या धुळीने माणसाच्या फुप्फुसाची कायमची वाट लागते, वाळूऐवजी गार्नेट किंवा स्लॅगचे कण वापरणारा शोधा. चासी नंबर पंच केलेली जागा टेप लावून झाकायला सांगा, नंबर पुसट झाला तर आरटीओत उत्तरं तुम्हालाच द्यायचीत. आणि त्याच दिवशी प्रायमर. कोकणातल्या हवेत उघडा पत्रा संध्याकाळी चहा पिऊन येईपर्यंत पिवळा पडलेला असतो.

आरपार गेलेल्याला मात्र घरचं औषध नाही

तिथे पत्रा कापायचा आणि नवीन लावायचा, फायबर-पुट्टी-अ‍ॅल्युमिनियम टेप हे सगळं गाडी विकणाऱ्याचं काम. मी पहिल्यांदा फ्लोअर एका डेंटरकडे दिला होता, त्याने सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून गॅसने चिकटवला, वरून काळं डांबर मारलं, दिसायला झकास. दोन पावसाळे गेले आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहून नवा पण गेला. डेंटरला पैसे दोनदा आणि शिव्या एकदाच, हा माझा हिशोब.

म्हणून डेंटरकडे देताना हे आधी बोलून घ्या: सडकं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, ०.८ ते १ मिलिमीटरची सीआर (कोल्ड रोल्ड) शीट लावायची, आणि वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे गॅसच्या आवरणात तार वितळवून करतात ते. गॅस वेल्डिंगवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री अप्रतिम काम करतो पण पत्र्याला उष्णता फार लागते, सपाट फ्लोअर वाकडा होतो. साधं आर्क वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्यावर भोकंच पाडतं. सीओटूने पण एका दमात लाइन ओढायची नाही, इथे एक टाका, तिथे एक टाका, थंड होऊ द्यायचं.

घरी सीओटू मशीन घेऊन शिकता येतं का? येतं, मी शिकलो, पण फ्लोअरच्या मधल्या तुकड्यांपुरतं. रनिंग बोर्ड कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाकून ती घट्ट बांधावी लागते, नाहीतर कापल्याबरोबर गाडी बसते आणि मग दार आयुष्यात नीट लागत नाही. ते ज्याने चार गाड्यांवर केलंय त्यालाच द्या. बाकी घरी करताय तर पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा, बॅटरी काढा, वायरिंग बाजूला बांधा, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर आणि पाण्याची बादली. वेल्डिंग संपल्यावर लगेच घरात जाऊ नका, डांबरी पॅडखाली ठिणगी अर्धा तास धुमसत राहू शकते.

पैशाचं म्हणाल तर घरी स्वस्त पडतं हे अर्धंच खरं. उघडणं, खरवडणं, टबात बुडवणं, प्रायमर, हे सगळं मजुरीचं काम, ते घरी केलंत तर खरी बचत. वेल्डिंग बाहेर द्या पण गाडी उघडीनागडी करून द्या, म्हणजे डेंटरला लपवायला काही नाही आणि तुम्हाला फसायला काही नाही. मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालणार नाही, हे कमिटीने सांगायच्या आधी स्वतः समजून घ्या.

अजून गाडी घेतलीच नसेल तर सगळ्यात मोठी तुलना इथे आहे. अलिबाग-रत्नागिरीकडची स्वस्त गाडी आणि सोलापूर-नगरकडची महाग गाडी. डोळे झाकून सोलापूरची. रंग उडालेला, सीट फाटलेली, डॅशबोर्ड तडकलेला चालेल, पत्रा कोरडा पाहिजे. सीटची गादी महिन्यात होते, खाऱ्या हवेतला रनिंग बोर्ड दोन वर्षं खातो. डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्या आधीची पन्नासच्या दशकातली फियाट ११००, मिळत असेल तर तिथे मी नियम थोडा मोडेन, उलट्या दारांची ती गाडी परत परत समोर येत नाही. तेवढी जुनी, म्हणजे पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, नोंदणी फी २०,००० रुपये, पण मग ती रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कामांसाठी बाहेर काढायची.

काम कधी काढायचं तर दिवाळीनंतर, होळीपर्यंत उघडा पत्रा प्रायमरखाली गेला पाहिजे. जोडांना सीलर, पोकळ भागात मेण नाहीतर ग्रीससारखं काहीतरी फवारून. आणि दारांच्या खाली, रनिंग बोर्डला जी बारीक भोकं असतात ती पाणी जायची आहेत, रंगारी हमखास ती पुट्टीने बुजवतो. माझ्या गाडीत मी दर मे महिन्यात विझलेल्या उदबत्तीच्या काडीने एकेक मोकळं करतो, मागच्या वर्षी डाव्या दारातून वाटीभर माती निघाली.