दुसरी, साडेतीन की पाचवी? सोलापुरात नवा गट बसवताना

रविवारची दुपार, जुळे सोलापुरात कुणाच्या तरी घरी पाच जण, हातात तीन तास. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाची कोणती आवृत्ती मांडायची? १९८९ची दुसरी, २००३ची साडेतीन (तिसरीची सुधारित) की २०१४ची पाचवी? तिन्ही टेबलावर चालवून झाल्यावर माझा कल पाचवीकडे आहे, आणि त्याचं कारण एकच आहे: बेरीज.

दुसरीत थॅको, म्हणजे एसी (बचावाचा आकडा) ० असलेल्यावर वार लागायला फाशावर हवा तो आकडा. पाचव्या लेव्हलच्या फायटरचा (लढवय्या पात्राचा) थॅको १६, समोरच्याचा एसी ३, वजा करून फाशावर १३ हवेत. इथवर ठीक. एसी उणे २ असला की १६ वजा उणे २, आणि खेळ थांबतो. त्याहून घोळ फाशाच्या दिशेचा: वार आणि सेव्हला (संकटातून बचावायच्या फाशाला) मोठा आकडा चांगला, तर इनिशिएटिव्ह (आधी कोण ते ठरवणं), चोराची टक्केवारी आणि अ‍ॅबिलिटी चेकला (पात्राच्या गुणांच्या कसोटीला) लहान. नवा खेळाडू कितीतरी रविवार ‘आता जास्त पडायला पाहिजे का कमी?’ विचारत राहतो. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने हे मिटवलं. वीस बाजूंचा फासा टाका, बोनस मिळवा, ठरलेला आकडा गाठा. एवढी मोलाची सुधारणा या खेळात दुसरी झाली नसेल, असं मला वाटतं.

मग साडेतीनवर का थांबायचं नाही? तोच पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या आणि वाराचा बोनस मोजा: बेस अटॅक ५, स्ट्रेंग्थ १६चे ३, तलवारीचा १, एकूण ९. क्लेरिकने (पुजारी पात्राने) बुल्स स्ट्रेंग्थ हा ताकदीचा मंत्र टाकला, स्ट्रेंग्थ २० झाली, वार ११. ब्लेस मंत्राचा १, फ्लँकिंगचे (शत्रूला दोन बाजूंनी घेरल्याचे) २, झाले १४. बार्डच्या (गायक पात्राच्या) गाण्याचा १ मात्र धरायचा नाही, कारण ब्लेस आणि गाणं दोन्ही मोराल (मनोधैर्याचे) बोनस. एका प्रकारातला मोठा तेवढाच लागू. तलवार दोन हातांची असेल तर डॅमेजमध्ये स्ट्रेंग्थच्या बोनसची दीडपट, म्हणजे अपूर्णांक सोडून आधीचे ४ आता ७. आणि मंत्र टिकतो लेव्हलमागे एक मिनिट, म्हणून पुढच्या खोलीत पुन्हा सगळं उलटं मोजायचं. कुणी मध्येच डिस्पेल मॅजिक (मंत्र उतरवणारा मंत्र) टाकला तर कुठला आकडा कशाचा होता, हे खोडलेल्या शीटवर शोधत बसावं लागतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

पाचवीत अनुकूल परिस्थिती म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज: दोन फासे, मोठा तो घ्यायचा. ११ लागत असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, कागदावर काही खोडायचं नाही. कारणं तीन असली तरी फासे दोनच, आणि एक डिसअ‍ॅडव्हान्टेज आला की दोन्ही रद्द. टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे एकत्र असतात तेव्हा हे दोन वाक्यांत सांगून होतं. शिवाय २०२३च्या जानेवारीपासून पाचवीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे. श्रेय नोंदवून मराठीत शीट करा, झेरॉक्स काढून वाटा, अडचण नाही.

पाचवीत खोट नाही असं नाही. तिचा हिशेब खेळातल्या दिवसाला सहा ते आठ चकमकींचा आहे; तीन तासांत आपल्याकडे दोन-तीनच होतात. मग विझार्ड (जादूगार पात्र) पहिल्याच लढाईत मंत्रांचे सगळे स्लॉट उधळतो आणि लढाई मिळमिळीत होते. भुईकोट किल्ल्यासारखी जागा मांडली असेल, तर खंदकापासून आतल्या तटापर्यंत लाँग रेस्ट (स्लॉट परत मिळवून देणारी पूर्ण विश्रांती) द्यायची नाही. एका रविवारचा खेळ संपला तरी खेळातला दिवस तोच ठेवायचा. ज्यांना घरी बसून फीट्स (पात्राची खास कौशल्यं) आणि क्लास (पात्राचे प्रकार) जुळवण्यातच रस आहे, त्यांनी साडेतीन जरूर घ्यावी. तिथे तो आनंद खूप जास्त आहे.

पाचवी घेतलीत तर कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे काही मंत्र चालू ठेवायला लागणारं लक्ष, तेवढं सांभाळा. असा मंत्र चालू असलेल्या खेळाडूपुढे एक सोंगटी ठेवा. मार बसला की १० किंवा डॅमेजच्या निम्मे, मोठं असेल ते लक्ष्य धरून कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणाचा) सेव्ह. हुकला की मंत्र संपला, सोंगटी उचलायची.