हँगरचा इलेक्ट्रिक टग: काही महिन्यांनंतरचा अनुभव, आणि हँडलबद्दल जरा जास्तच

हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या गॅरेजमध्ये, विमान आत-बाहेर सरकवणाऱ्या आमच्या छोट्या इलेक्ट्रिक ओढयंत्राची, टगची, बॅटरी हा 'झिजणारा भाग' असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही, असं कंपनीचं शेवटचं उत्तर आलं आणि ठरवलं, आता लिहायचंच. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. भांडण अजून मिटलेलं नाही. शिवाय या वर्गातले बरेचसे टग आतून एकमेकांचे भाऊच असतात: १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ऍसिड बॅटऱ्या, मोटर, वर्म गिअर, नोजव्हील (विमानाचं पुढचं चाक) उचलून घेणारा पाळणा, रॅचेटचा पट्टा आणि पुढे लांब हँडल. स्पेसिफिकेशनचा तक्ता तुम्ही आधीच पाहिलेला असणार, तो इथे उतरवून काढत नाही.

आमचं विमान सेसना १७२एन. दोन मालक. पंखांचा पसारा ३६ फूट, हँगरचं दार ४० फूट. म्हणजे दोन्ही टोकांना दोन-दोन फूट जागा, तीही विमान बरोबर मध्यरेषेवर असेल तर.

खरं म्हणजे आकडेमोड केली तर टग लागायलाच नको. टाक्या भरलेल्या असताना विमान पावणेआठशे किलोच्या आसपास जातं. चांगल्या काँक्रीटवर टायर फिरत ठेवायला वजनाच्या दीड टक्का जोर धरा, म्हणजे बारा किलो. हँगरसमोरचा एप्रन, म्हणजे पक्कं अंगण, बाहेरच्या बाजूला उतरता असतो, पाणी आणि सांडलेलं इंधन आत येऊ नये म्हणून. शंभराला एक असा उतार धरला तर आणखी आठ किलो. वीस किलोचा जोर कुणीही लावेल. याच हिशोबावर आम्ही बरीच वर्षं टो-बार (पुढच्या चाकाला अडकवून हाताने ओढायचा दांडा) आणि खांद्यावर काम भागवलं, आणि टगची जाहिरात दिसली की मी "आळशी लोकांचं खेळणं" म्हणून पुढे जायचो.

हिशोब बिघडतो तो दाराच्या रुळापाशी. आमच्या दाराचा रूळ जमिनीच्या वर दोनेक सेंटिमीटर येतो. चाक अगदी कडक असतं, तर ते तेवढ्या पायरीवर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या जवळपास निम्मा आडवा जोर लागला असता. मुख्य चाकावर तीनशे किलोच्या आसपास भार येतो, आणि अशी दोन चाकं एकदमच रुळावर येतात. टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात बरंच कमी लागतं, पण वीस किलोत काम होत नाही हे नक्की. मग माणूस मागे जाऊन झोका देतो, विमान उडी मारून आत येतं, आणि आत आल्यावर ते थांबवायचं कुणी? हँगरमध्ये विमानाला खरचटतं ते अशाच वेळी. विंगटिपचा, म्हणजे पंखाच्या टोकाचा, दिवा, शेपटीवरच्या एलिव्हेटरचं टोक, रडरची मागची कड, मागे लोंबणारे स्टॅटिक विक (साठलेली स्थिर वीज सोडून देणाऱ्या बारीक काड्या). सगळं नाजूक, सगळं महाग, आणि सगळं ढकलणाऱ्याच्या नजरेबाहेर.

त्यात नाक रुळावरून खाली-वर झालं की शेपूट उलट दिशेला वर-खाली होते. सेसनाच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल सरळ इशारा आहे: नोज स्ट्रटची (पुढच्या चाकावरच्या धक्के झेलणाऱ्या दांड्याची) हवा गेलेली असेल किंवा पुढचा टायर बसलेला असेल तर शेपूट आणखी उंच जाते आणि ठेंगण्या दाराला लागू शकते. मधे दुमडून वर जाणारं बायफोल्ड दार असेल तर हे नीट वाचा, कारण उघडल्यावर ते वरची थोडी उंची खातं.

आता टगकडे. माझ्या मते त्याची खरी करामत ताकदीत नाहीच. तो हळू चालतो आणि जागच्या जागी थांबतो, पैसे त्याचे. अंगठ्याखालचा लिव्हर जरासा दाबला की विमान गोगलगायीच्या वेगाने सरकतं, सोडला की थांबतं. वर्म गिअर मोटरने फिरवला तरच फिरतो, चाकाकडून ढकलून फिरत नाही, त्यामुळे उतारावरसुद्धा विमान घरंगळत नाही. रुळावर येतो, थांबतो, दोन्ही टोकं बघून येतो, मग चढवतो. उडी नाही, झोका नाही. विमानाचं तोंड एक अंश जरी वाकडं झालं तरी साडेपाच मीटर लांबचं विंगटिप दहाएक सेंटिमीटर पुढेमागे होतं. एकट्या माणसाला हे सांभाळायचं तर थांबत थांबत जाणं एवढाच उपाय आहे, आणि थांबणं हे यंत्र उत्तम करतं.

आणि म्हणूनच त्या हँडलचा इतका राग येतो.

थांबायचं कशासाठी? चालत जाऊन पंखाचं टोक बघायला. म्हणजे हँडल सोडायला लागणार. आणि हे हँडल सोडलं की पडतं. हळूच टेकत नाही, पडतं. लोखंडी नळी, टोकाला लिव्हरचा खोका, धाडकन काँक्रीटवर. प्रत्येक थांब्याला एक आदळणं आणि परत आल्यावर एक वाकणं. ज्या माणसाने हे यंत्र बनवलं त्याने मोटरचा वेग किती नाजूकपणे सांभाळला आहे, पट्ट्याला नोजव्हीलच्या रंगावर घासू नये म्हणून आतून मऊ अस्तरसुद्धा लावलं आहे. पण हँडल सोडल्यावर काय होतं हे त्याने एकदाही बघितलं नसेल? एक साधी खाच, एक स्प्रिंग, एक खुंटी, काहीही चाललं असतं. पहिल्याच महिन्यात लिव्हरच्या खोक्याला चीर गेली. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, "सर, हँडल टाकू नका." अहो, मी टाकत नाही, ते पडतं!

आमचा दुसरा मालक वैतागून म्हणाला, "अरे, एक बंजी बांध आणि मोकळा हो." बांधली. टगच्या अंगाला आडवी बंजी, हँडल ताठ उभं. काही आठवडे सुखात गेले.

मग दुसऱ्याच कामासाठी सर्व्हिसच्या माणसाला फोन केला होता, तेव्हा बंजीचा विषय निघाला. त्याने एकच विचारलं, "हँडल उभं असतं तेव्हा त्याच्या मागे काय असतं?" प्रोपेलर. आमच्या प्रोपेलरचा व्यास सव्वासहा फूट आहे आणि खालच्या टोकाखाली जमिनीपर्यंत जेमतेम फूटभर मोकळी जागा. टग नोजव्हीलला जोडलेला असताना हँडल ताठ उभं राहिलं आणि मागे कललं की सरळ पात्यावर किंवा स्पिनरवर (प्रोपेलरच्या मधल्या टोपीवर) जाणार. पात्याच्या पुढच्या कडेला पडलेली खोच मेकॅनिकला दाखवून घासून घ्यावी लागते, कारण तिथूनच भेग सुरू होऊ शकते. म्हणून हँडल पुढेच पडावं, अशीच रचना आहे म्हणे. हे पटलं. बंजी त्याच दिवशी काढली. पडण्याची दिशा बरोबर आहे, हे मी आता मान्य करतो. पडण्याच्या वेगाबद्दल मात्र माझं मत तसूभरही बदललेलं नाही. सध्या नळीवर फोमचं जाड कव्हर चढवलं आहे. आवाज कमी झाला, वाकणं तेवढंच राहिलं.

प्रोपेलरचा विषय निघालाच आहे तर: पातं उभं थांबलं असेल तर टग आत सरकवताना ते आड येतं आणि हात आपोआप त्याला फिरवायला जातो. तो आवरा. इंजिनला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. बंद करणारी अर्थिंगची तार तुटलेली असेल तर किल्ली 'ऑफ'वर असूनही ठिणगी पडू शकते आणि इंजिन एखादा झटका देऊ शकतं. पात्याला धरून विमान ओढणारे पाहिले की मी आता तिथून लांब होतो. तसंच, नाक उचलायला शेपटीच्या आडव्या पंखावर दाब देणारे. त्या पंखाच्या आतल्या भागांना यातून भेगा गेल्याची उदाहरणं आहेत. टगमुळे आमच्याकडे हे दोन्ही प्रकार बंद झाले, हा फायदा कुठल्याच जाहिरातीत दिसला नाही.

वळवण्याबद्दल एक तक्रार यंत्राची नाही, माहितीपत्रकाची आहे. सेसना १७२ चं नोजव्हील ओढताना मध्यापासून दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंतच वळवायचं असतं. त्यापुढे गेलं की नोज गिअरचं नुकसान. हाताने टो-बार ओढताना विरोध जाणवतो, टगच्या मोटरला तो जाणवत नाही. ती शांतपणे वळवत राहते. टगवर खुणेची एक रेघसुद्धा नव्हती, आम्ही पाळण्यावर पांढऱ्या रंगाने दोन्ही बाजूंना मारून घेतली. ज्यांच्या विमानाचं नोजव्हील मोकळं फिरणारं आहे, उदाहरणार्थ सिरस, त्यांची मर्यादा बरीच जास्त असते. पण आपापलं मॅन्युअल उघडून बघा, माझ्या रेघा तुमच्या विमानावर मारू नका.

आता बॅटरी. पाऊस येणार अशी चिन्हं, विमान अर्धं आत, मुख्य चाकं नेमकी रुळावर, आणि टग मेला. चार्जरचा हिरवा दिवा सकाळी लागलेला मी स्वतः पाहिला होता. वर्म गिअरचा जो गुण मी वर गायला, तो इथे उलटला: बॅटरी गेली की टग नांगर होतो. विमान पुढे सरकेना, मागेही येईना. गिअर मोकळा करण्याची सोय आहे, पण तिला ऍलन की लागते आणि ती बोल्टची जागा टगच्या पोटाखाली. रॅचेटचा पट्टा ताणाखाली होता, तो सैल करायला पुन्हा विमान इंचभर मागे हवं. शेवटी दोघांनी मिळून विमान रेटून धरलं, तिसऱ्याने पट्टा सोडवला, मग जुना टो-बार काढला. तो टो-बार विकला नाही याचा आनंद झाला. तुम्हीही विकू नका. ऍलन की आता टगच्या अंगालाच चिकटपट्टीने लावली आहे.

घरी आणून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. भार नसताना दोन्ही छान, भार दिल्यावर एक एकदम कोसळली. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असल्या आणि चार्जर त्यांना मिळून २४ व्होल्ट म्हणूनच बघत असला की असं होतं. एक जरा कमजोर पडली की ती अर्धवट भरते, दुसरी जास्त तापते, आणि दोघींची बेरीज ठीक दिसते म्हणून दिवा हिरवा होतो. लेड-ऍसिड बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि क्षमता जाते ती परत येत नाही. थंडीत तर क्षमता तशीही घटते. थोडक्यात, हिरवा दिवा म्हणजे भरलेली बॅटरी असं धरू नका.

दोन्ही एकत्र बदला, हे कंपनीचं म्हणणं बरोबर आहे. जुनी-नवी जोडी लावली तर तेच रामायण पुन्हा. पण त्यांच्याच शिक्क्याच्या का? माप तेच, व्होल्ट तेच, अँपिअर-अवर तेच, टर्मिनल तेच, फक्त स्टिकर वेगळं आणि किंमत पाहून हसू येईल अशी. मी बाजारातली जोडी बसवली. आता महिन्यातून एकदा दोन्ही वेगळ्या काढून एकेक चार्ज करतो. टग पहिल्यापेक्षा चांगला चालतो. वॉरंटी गेली असेल, पण तिच्यात बॅटरी नव्हतीच, मग गेलं काय?

एक सवय आम्ही लावली ती कुठलाही टग घेतलात तरी उपयोगी पडेल. विमानाची किल्ली भिंतीवर टगच्या चार्जिंगच्या हुकाला लटकते. टग जागेवर परत येऊन चार्जरला लागला की मगच ती उचलायची. टो-बार किंवा टग नाकाला तसाच ठेवून इंजिन सुरू केल्याने प्रोपेलर गेल्याचे प्रकार वैमानिकांमध्ये सगळ्यांनी ऐकलेले असतात, आणि असा दणका बसला की फक्त प्रोपेलर बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं.

शेजारच्या हँगरमध्ये ड्रिल मशीनवर चालणारा छोटा टग आहे. हलका, स्वस्त, बॅटरी गेली तर ड्रिलची दुसरी लावायची. सपाट जमिनीवर झकास. पण त्याचा रोलर टायरला घासून चाक फिरवतो, त्यामुळे टायर ओला असला की घसरतो. आमच्या रुळावर मी त्याची परीक्षा घेतली नाही, मालकाने घेऊ दिली नाही. मागच्या भिंतीवर विंच बसवणं सगळ्यात स्वस्त, पण ती फक्त आत ओढते. बाहेर काढायला पुन्हा खांदाच, आणि हँगर भाड्याचा असेल तर भिंतीत बोल्ट ठोकायला परवानगी लागणार.

दार रुंद आहे, रूळ जमिनीत बसवलेला आहे आणि ढकलायला नेहमी दोन माणसं असतात, तर टग घेऊ नका, मुख्य टायरमध्ये हवा भरा. १७२एनला २९ पीएसआय लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ती त्याहून कमीच सापडते. हवा कमी असली की विमान उगाच जड लागतं. एकट्याने विमान आत-बाहेर करत असाल आणि दाराशी रूळ किंवा चढ असेल तर घ्या, मीसुद्धा आता परत देणार नाही. रुळासाठी दोन्ही बाजूंना उताराच्या पट्ट्या करून घ्या म्हणजे टगवरही जोर येणार नाही.

हे लिहीत असतानाच कळलं की याच टगच्या नव्या मॉडेलला गॅस स्ट्रट आला आहे. हँडल आता सावकाश खाली टेकतं, पुढच्याच दिशेने. जुन्या ग्राहकांसाठी तोच भाग 'कम्फर्ट किट' म्हणून वेगळा विकायला ठेवला आहे, आणि तो आमच्या सीरियल नंबरच्या आधीच्या टगला बसतो, आमच्यानंतरच्यालाही बसतो, आमच्याला नाही. मी त्यांना फक्त भोकांमधलं अंतर विचारलं आहे. ड्रिल माझ्याकडे आहे.