दुसरा कंट्रोलर: कपाटात की रिंगमध्ये?

पीए (स्पीकरवरून घोषणा करायची यंत्रणा) आणि इमर्जन्सी अलार्म एकाच सिस्टिमवर असेल तर ती चालवणारा दुसरा कंट्रोलर हवाच, इथपर्यंत मॅनेजमेंटची सही मिळते. घोडं अडतं ते पुढे. आलेला खोका सुटा स्पेअर म्हणून कपाटात ठेवायचा, की हॉट स्टँडबाय म्हणून, म्हणजे मुख्य गेला की लगेच काम उचलेल असा, चालू सिस्टिमला जोडून टाकायचा? मी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे तो तीन वर्षं कपाटात होता, आता दोन वर्षं रिंगमध्ये, म्हणजे सिस्टिमची युनिटं गोलाकार जोडणाऱ्या फायबर केबलवर आहे. तेव्हा दोन्हीकडचं पाणी प्यायलोय एवढंच सांगतो. तुमची साइट तुम्हाला जास्त माहीत.

कपाटाची बाजू दिसते तेवढी लंगडी नाही. एकच शेड, बारा-पंधरा झोन (घोषणेचे वेगवेगळे विभाग), चोवीस तास माणूस हजर आणि वर्षानुवर्षं काही बदलत नाही, अशा ठिकाणी सुटा स्पेअर पुरतो. एकाच मॉडेलचे तीन प्लांट जवळजवळ असतील तर तिघांत मिळून एक, हा हिशोबही चुकीचा नाही. शिवाय वळवाच्या पावसात सप्लायवर सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) आला तर जोडलेले दोन्ही खोके एकदम जाऊ शकतात, कपाटातला वाचतो. आमच्या जुन्या साहेबांचं हेच म्हणणं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मग झालं असं. एका रात्री व्होल्टेज वरखाली झालं आणि मुख्य कंट्रोलर परत उठलाच नाही. नाइट शिफ्टच्या फिटरने रात्री एकला फोन केला. स्पेअर स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरच्या घरी. ती मिळवून खोका लावला तर त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) एक पायरी मागे, ॲम्प्लिफायर त्याला ओळखच देईनात. लॅपटॉप काढून सगळं सरळ करेपर्यंत उजाडलं. पण सगळे दिवे हिरवे झाले, चहा प्यायलो आणि मी स्वतःवर खूश होतो.

पंधरा दिवसांनी मॉक ड्रिल. पॅनेलवरून ट्रिगर दिला, घोषणा खणखणीत वाजली: सर्वांनी कँटीनमागच्या मैदानात जमावे. त्या मैदानात आठ महिन्यांपासून नव्या शेडच्या पायाचं खोदकाम चालू होतं. असेंब्ली पॉइंट केव्हाच दोन नंबर गेटला हलवला होता, मेसेजही नव्याने रेकॉर्ड केला होता, पण मुख्य कंट्रोलरमध्ये. कपाटातल्याला ते कोण सांगणार? जुने कामगार हसत गेटकडे गेले. कंत्राटी पोरं नवी, ती स्पीकरवर विश्वास ठेवून सरळ खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. सेफ्टी ऑफिसर काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. काही तासांचा खोळंबा एकवेळ चालेल. सगळं हिरवं दाखवून शिळं बोलणारा कंट्रोलर नाही चालत. ईएन 54-16 (आवाजी अलार्मच्या कंट्रोल उपकरणांचं युरोपीय मानक) च्या सिस्टिममध्ये बिघाड 100 सेकंदांत पॅनेलवर दिसावा लागतो. ॲम्प्लिफायर गेला, लाइन तुटली, मेसेजची मेमरी बिघडली, सगळं कळतं. पण धडधाकट असलेला जुना मेसेज हा काही बिघाड नाही. त्याचा दिवा कुठल्याच पॅनेलवर लागत नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही रजिस्टर काढलं: बदल केला की स्पेअर काढून लोड करायचा, दोन सह्या करायच्या. दोनदा झालं. तिसऱ्यांदा ऑडिट होतं, मग दिवाळी आली. तुमच्याकडची माणसं जास्त शिस्तीची असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

हॉट स्टँडबायमध्ये कॉन्फिगरेशन आणि मेसेज मुख्याकडून आपोआप उतरतात. अर्थात चूकही उतरते, म्हणून फाइलची एक प्रत लॅपटॉपवर वेगळी हवीच. पण त्याचेही ताप आहेत, आणि त्यातला एक कोटेशनमध्ये दिसत नाही. फायर पॅनेलकडून येणारे ड्राय कॉन्टॅक्ट (आग लागल्याचा इशारा देणारे साधे स्विच-संपर्क) कुठे उतरवलेत ते बघा. आमच्याकडे ते थेट मुख्य कंट्रोलरच्याच मागच्या बाजूला होते. तो मेला की स्टँडबाय ताजातवाना उभा, पण आग लागल्याचं त्याला सांगायला कोणी नाही! ते सगळे ट्रिगर दोघांनाही दिसेल अशा वेगळ्या इनपुट युनिटवर घ्यावे लागले. एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर (लाइन तुटली की कळावं म्हणून टोकाला लावतात तो) पुन्हा बसवणं, फेरूल (वायरवरच्या नंबरच्या खुणा) पुन्हा लावणं यात आमचे दोन गुरुवार गेले. (इकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, हे बाहेरच्यांसाठी.)

दुसरं म्हणजे जागा. दोन्ही कंट्रोलर एकाच रॅकमध्ये, एकाच स्विचवर, एकाच बॅटरीवर ठेवले तर खोका दोन पण जीव एकच. आमचा स्टँडबाय सिक्युरिटी केबिनमागच्या खोलीत आहे. त्याला छोटं कॅबिनेट, स्वतःचा बॅटरीवाला सप्लाय आणि येणारी-जाणारी फायबर दोन वेगळ्या मार्गांनी. दोन्ही एकाच ट्रेमधून नेलीत तर रिंग फक्त ड्रॉइंगवर राहते. सर्जची ती जुन्या साहेबांची भीतीही यात बरीचशी निघाली, कारण फायबरवरून सर्ज येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर कंट्रोलर दोन्हीकडे तेवढ्याच किमतीचा. फरक पडतो फायबर, कॅबिनेट, सप्लाय आणि मजुरीचा. ते कमी नाही, पण बजेटच्या बैठकीत लोक असं बोलतात की जणू कपाटातला स्पेअर फुकट मिळतो.

मुख्यावरून स्टँडबायवर बदली होताना आमच्याकडे चालू घोषणा मध्येच तुटते आणि काही क्षण शांतता पसरते. ट्रिगरचा कॉन्टॅक्ट धरून ठेवलेला असेल तर घोषणा पुन्हा सुरू होते, नुसता पल्स (क्षणभराचा इशारा) दिला असेल तर नाही. हे आधी विचारून घ्या. आणि बदली इतकी गुपचूप होते की आपण आता एका पायावर उभे आहोत हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या फॉल्टचा बझर माणूस बसतो तिथेच हवा. आम्ही जानेवारी आणि जुलैत, बी फॉर्मसाठी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) एजन्सी येते त्याच आठवड्यात, मुख्य कंट्रोलरची सप्लाय मुद्दाम काढून बघतो.

तरी तुम्ही कपाटच निवडलंत तर निदान ते कुलूप बदला, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे ठेवा आणि आतल्या नाणं-बॅटरीची तारीख बघा. आमची केव्हा संपली होती ते कळलंच नाही; त्या रात्रीच्या लॉगवर भलतीच तारीख छापली गेली.

आणि स्टँडबाय निवडलात तर व्हेंडर "ऑटोमॅटिक आहे साहेब" म्हणाला तरी शेवटचं बिल पास करण्याआधी पॅनेलवरून खरा ट्रिगर द्या, मुख्याची सप्लाय पाडा आणि तेव्हा रॅकपाशी थांबू नका. तिथल्या मॉनिटर स्पीकरवर सगळं छानच ऐकू येतं. पेंट शॉपमध्ये, ब्लोअर चालू असताना जाऊन उभे राहा.