पत्रकावर नाव माझं होतं

करी रोडला आमच्या गावच्या मंडळाची एक खोली आहे. पाटण तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या मुंबईत होत्या. गिरणीतली, गोदीतली, मशीद बंदरला माथाडीत असलेली माणसं तिथं पाळीनं झोपायची. आता कुणी झोपत नाही. महिन्यातून एकदा मीटिंग होते, यात्रेची वर्गणी ठरते, चहा होतो. मी मंडळाचा चिटणीस. ज्यानं आम्हाला फसवलं त्याला पैशाच्या आधी ही खोली हवी होती.

फेब्रुवारी २०२५. बजेट नुकतंच झालेलं. किसान क्रेडिट कार्डावरच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख करणार, ही घोषणा टीव्हीवर सारखी चालू होती. त्याच सुमारास आमच्यातल्याच एकाच्या ओळखीनं तो मीटिंगला आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात निळी फीत आणि ओळखपत्र उलटं लटकलेलं. ते शेवटपर्यंत उलटंच राहिलं, आणि आम्हा पंधरा जणांपैकी कुणाला ते सुलटं करून बघावंसं वाटलं नाही. ग्रामीण कर्जयोजनांची जनजागृती करतो म्हणाला. पैशाचं नाव काढलं नाही. "सर, योजना चांगल्याच असतात, पण शेतकऱ्यापर्यंत पोचत नाहीत. आमच्यासारख्यावर गाव विश्वास ठेवत नाही. तुमचा शब्द गाव ऐकतं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात त्यानं मला बांद्रा-कुर्ला संकुलात बोलावलं, नाबार्डच्या, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या, मुख्यालयापाशी. मॅडमशी गाठ घालून देतो म्हणाला. रस्त्याच्या अलीकडेच टपरीवर चहा पाजला. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. पाऊण तासानं पण मीटिंगमध्येच होत्या. मग इमारत मागे येईल असा आमचा दोघांचा फोटो काढून घेतला आणि मला कुर्ल्याच्या रिक्षात बसवून दिलं. तो गेटच्या आत गेलाच नव्हता. त्याचा तिथं काही संबंधच नव्हता. नाबार्ड शेतकऱ्याला थेट कर्ज देत नाही, बँकांना फेरकर्ज देतं, एवढं तरी मला माहीत असायला हवं होतं. पण तो फोटो मीच, माझ्या हातानं, गावच्या ग्रुपवर टाकला.

गावात वाटायच्या पत्रकाचा मजकूरही माझाच. दोन रात्री बसून लिहिला. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्केच. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. दुभती जनावरं आणि मासेमारीलाही कर्ज मिळतं. यातलं एक वाक्य खोटं नाही, आजही नाही. खोटी होती ती त्यानं खाली घालायला लावलेली एक ओळ: 'मुंबईतून थेट मंजुरी. फाइल चार्ज ११८० रुपये, जीएसटीसह.' त्याखाली 'संपर्क' म्हणून माझं नाव आणि नंबर.

नुसते हजार म्हणाला असता तर मी विचारलं असतं, कशाचे? वरच्या १८० रुपयांनी माझं तोंड बंद केलं. आकडा कसा सरकारी वाटला. पावतीवर जीएसटी नंबर नव्हता, हे नंतर माझ्या मुलीनं दाखवलं.

दोन हजार पत्रकं आणि दोन फ्लेक्स, ९,४०० रुपये, यात्रेच्या पैशातून. एक फ्लेक्स चावडीवर, दुसरा एसटी थांब्यावर. पंधरा दिवसांत ३१ जणांनी पैसे भरले, म्हणजे ३६,५८० रुपये. सगळे माझ्या खात्यावर आले आणि मी त्याला पुढं पाठवले. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, सगळ्यांचे फोटो माझ्या मोबाइलवर. चुलतीनं पाठवलेल्या पासबुकाच्या फोटोत कडेला तिचा अंगठा आलाय, पीठ लागलेला. तो फोटो मी अजून काढून टाकलेला नाही.

मग गावच्या सोसायटीच्या, म्हणजे पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या, गटसचिवांचा फोन आला. "काय ओ मुंबईकर, आपल्या सोसायटीत वेळेत भरणाऱ्याला ३ लाखांपर्यंत शून्य टक्क्यानं मिळतंय. तुम्ही ह्यो चार टक्क्याचा माल कुठनं आणलाय?" पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. राज्य सरकार उरलेलं व्याज भरतं. तीस वर्षं मुंबईत राहून मी गावाला कर्ज शिकवायला निघालो होतो! मग लोकांनी पैसे का भरले? काही थकबाकीदार, त्यांना सोसायटी दारात उभं करत नाही. काहींची जमीन सामाईक, भावकी सही देत नाही. मुंबईतून थेट म्हटल्यावर त्यांना वाटलं, इथल्या भानगडी चुकल्या. पण ज्याची जमीन जिथं, त्याच भागातली शाखा किंवा सोसायटी कर्ज देते. मुंबईत बसून कुणी सातबारा मंजूर करत नाही. आणि ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला प्रोसेसिंग फी बँकांनी केव्हाच माफ केलीय. सहीचा डिजिटल सातबारा १५ रुपयांत निघतो.

त्याला फोन केला, बंद. दोन दिवसांनी तिघांना 'कार्ड मंजूर, ॲप उतरवून घ्या' असा मेसेज आला, एपीके फाइल जोडलेली. दोघांनी ती उघडली नाही. तिसऱ्यानं उघडली, ओटीपी गेला आणि दुधाचे १४,२०० रुपये गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार करायची हे आम्हाला तिसऱ्या दिवशी सुचलं. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते. पहिल्या तासात फोन केला असता तर कदाचित अडवले असते, असं तिकडच्या बाईंनी सांगितलं. पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यांनी त्याचं ओळखपत्र कसं होतं विचारलं. मी म्हटलं, उलटं होतं.

३६,५८० मी परत केले, काही पीएफमधून, काही बायकोच्या भिशीतून. दुधाचे निम्मे मंडळानं दिले.

यात्रेला गेलो तेव्हा एसटी थांब्यावरचा फ्लेक्स मीच फाडला. चावडीवरचाही कुणीतरी उतरवला होता. पण सोसायटीच्या भिंतीवर माझं पत्रक अजून होतं. गटसचिवांनी ते चिकटवून ठेवलं होतं. खालच्या ओळीवर आणि माझ्या नंबरावर लाल पेनानं काट, आणि बाजूला त्यांच्या अक्षरात: 'फॉर्म फुकट. आत या.'