घरात रेंज नाही: बूस्टर बसवावा की वाय-फाय कॉलिंग?

बूस्टर म्हणजे बाहेरचा मोबाइल सिग्नल पकडून घरात वाढवून सोडणारं यंत्र. त्याचा मोह का पडतो ते मला कळतं. एकदा बसवला की घरातले सगळे फोन चालतात, आईचा बटणांचा फोनसुद्धा. पासवर्ड नको, सेटिंग नको. वाय-फाय कॉलिंगला, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून फोन करायला, मात्र ती सोय असलेला फोन लागतो आणि घरात फायबरसारखं ब्रॉडबँड.

तरी मी वाय-फाय कॉलिंगकडे झुकलो, त्याला कारण मावसभावाचं वाळपईजवळचं घर. त्याने ऑनलाइन बूस्टर मागवला होता. कौलांवर पाइपला एक अँटेना, दुसरी आत हॉलमध्ये. फोनवर दांड्या पूर्ण, पण बोलायला घ्यावं तर आवाज तुटतो, नाहीतर फोन लागतच नाही. या दोन अँटेनांमध्ये भक्कम आडोसा लागतो. स्लॅब असता तर थोडाफार मिळाला असता. कौलं काय अडवणार? आतून सोडलेला सिग्नल बाहेरची अँटेना पुन्हा उचलते आणि भजनात माइक स्पीकरसमोर गेल्यावर होते तशी गत होते. उपाय म्हणून गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, कमी केला, तर रेंज टीव्हीच्या खोलीपुरतीच उरली. अँटेना सरकवायची म्हटलं तर पावसाळ्यात शेवाळलेल्या कौलांवर चढणार कोण? रेंज नसलेली परवडली, पण दांड्या दाखवून फोन न लागणं मला तरी सोसत नाही.

हा गोंधळ घरापुरता राहत नाही, टॉवरलाही त्रास होतो. खासगी माणसाने बूस्टर नुसता बाळगणंही बेकायदा आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरणाला परवानगी लागते. बसवायचाच तर मोबाइल कंपनीकडूनच. विकणारा हे सांगत नाही.

वाय-फाय कॉलिंग एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणलं, पाठोपाठ जिओने जानेवारी 2020 मध्ये. वेगळे पैसे पडत नाहीत. बोलत बोलत अंगणात गेलात तर फोन कट होऊ शकतो, हे मान्य. वीज गेली की राउटरही गेला, आणि जूनमध्ये तारांवर फांदी पडणं काही नवं नाही. मी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला जोडलाय, संध्याकाळ निभावते. वीज बूस्टरलाही लागतेच की.

आईसाठी साधा स्मार्टफोन घ्यावा लागला, तेवढा खर्च धरा. घेण्याआधी दुकानातच विचारा, की हे मॉडेल आपल्या सिमच्या कंपनीचं वाय-फाय कॉलिंग घेतं का. सगळी घेत नाहीत.